ॲशबर्न ते सुपा : डेटा सेंटरला गाव शोधताना

नव्या डेटा सेंटरसाठी जगातले कोणते शहर चांगले, याच्या याद्या आता दरवर्षी निघतात. कुशमन अँड वेकफील्डसारख्या मालमत्ता-सल्लागार कंपन्या जमिनीचा भाव, विजेचा दर, फायबरचे जाळे, कर, हवामान, नैसर्गिक आपत्तीचा धोका अशा निकषांवर शहरांना गुण देऊन क्रम लावतात. या याद्यांत मुंबई असते, चेन्नई आणि हैदराबाद असते, पुण्याचेही नाव येते. अहिल्यानगरचे येत नाही. तरीही नगर-पुणे रस्त्याने जाताना सुप्याच्या एमआयडीसीतले मोठाले भूखंड आणि जवळच्या कावड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या पाहिल्या, की प्रश्न पडणे साहजिक आहे. जागा आहे, वारा आहे, ऊन तर भरपूर आहे आणि पुणे दोन तासांवर. मग इथे का नको?

उत्तर शोधायचे तर यादीतली शहरे वर कशी चढली, एवढेच पाहून भागत नाही. वर चढल्यावर त्यांचे काय झाले, हेही पाहावे लागते.

डेटा सेंटर म्हणजे सर्व्हरच्या कपाटांनी भरलेली इमारत. तिला बाहेरून दोन गोष्टी हव्यात, वीज आणि केबल. आत येणाऱ्या विजेची शेवटी उष्णताच होते, आणि ती अहोरात्र बाहेर काढावी लागते. म्हणजे केबल, वीज आणि गारवा. जमिनीचा भाव या तिघांनंतर येतो, कारण एकूण खर्चात तो किरकोळ असतो. आपल्याकडे मात्र गुंतवणुकीची चर्चा नेमकी जमिनीपासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते.

जगातला सर्वांत मोठा डेटा सेंटरचा गठ्ठा अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या लाऊडन काउंटीत आहे. ॲशबर्न हे त्याचे मुख्य गाव. तिथे हवा विशेष थंड नाही आणि जमीन स्वस्त नाही. पण १९९० च्या दशकात इंटरनेट कंपन्या एकमेकांच्या तारा जिथे जोडत, त्या मोजक्या ठिकाणांपैकी एक, ‘मे-ईस्ट’, उत्तर व्हर्जिनियात होते. एओएल या इंटरनेट कंपनीचे मुख्यालय डलेस विमानतळाजवळ आले. पहिला आला म्हणून दुसरा आला, आणि ॲमेझॉनने २००६ मध्ये आपली क्लाउड सेवा इथूनच सुरू केली. शेजारी कोण आहे, यावर पुढचा येतो. काउंटी इमारतींवर आणि आतल्या सर्व्हरवरही कर लावते. त्यातून इतके उत्पन्न येते की घरमालकांवरचा कर कमी ठेवता आला.

मग २०२२ च्या उन्हाळ्यात डोमिनियन या वीज कंपनीने सांगितले, की भागातल्या पारेषण वाहिन्या नव्या मागणीला पुरणार नाहीत. लोक जनरेटरच्या आवाजाला आणि घरांमागून जाणाऱ्या उच्चदाब तारांना वैतागले होतेच. मार्च २०२५ मध्ये काउंटीने नियम बदलला : आता प्रत्येक नवे डेटा सेंटर जाहीर सुनावणीतून गेल्याशिवाय उभे राहू शकत नाही. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला ॲमेझॉनच्या या भागातल्या यंत्रणेत बिघाड झाला आणि जगभरातली असंख्य ॲप एकाच वेळी बंद पडली. एकाच ठिकाणी सगळे ठेवण्याची किंमत त्या दिवशी कळली.

मुंबईची कथाही केबलचीच आहे, फक्त ती सव्वाशे वर्षे आधी सुरू होते. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन तारायंत्राची केबल समुद्रात टाकली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हाही बाहेरच्या जगाचे दार हे शहरच होते. फ्लॅग, सी-मी-वी या मालिकांतल्या केबल इथे किनाऱ्याला लागल्या. आज देशात समुद्रमार्गे येणाऱ्या सुमारे १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ स्थानकांवर उतरतात. ही स्थानके मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाच शहरांत आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा भार मुंबई व चेन्नईवर आहे. शिवाय बँका, शेअर बाजार, विमा कंपन्या, चित्रपट आणि दूरचित्रवाणी हे सगळे गिऱ्हाईक मुंबईतच बसलेले. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आर्थिक व्यवहारांची माहिती देशातच साठवण्याचा आदेश काढला, तेव्हा ती कुठे साठवायची याचे उत्तर तयार होते. देशाच्या डेटा सेंटर क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई परिसरात आहे, त्याचे कारण हे.

प्रत्यक्षात ती मुंबईत कमी आणि खाडीपलीकडे जास्त आहे. ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे हा ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी रसायनांच्या वासाने ओळखला जाई. कारखाने बंद पडले किंवा हलले, एमआयडीसीचे भूखंड आणि वीज उपकेंद्रे राहिली. त्या जागी खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या राहिल्या. जुलै २०२० मध्ये पनवेलला योट्टा या कंपनीचे पहिले केंद्र सुरू झाले : सुमारे ७ हजार २०० कपाटे आणि ५० मेगावॉट. एवढ्या विजेवर एखादे मध्यम शहर चालते.

वीज हे मुंबईचे खरे वैभव होते, आणि त्याचा इतिहास घाटावर आहे. टाटांनी खोपोली (१९१५), भिवपुरी आणि भिरा इथे जलविद्युत केंद्रे उभारली आणि पूर्वेकडे वाहणारे सह्याद्रीचे पाणी पश्चिमेला वळवून मुंबई उजळली. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले, तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांच्या जमिनींसाठी सत्याग्रह झाला. त्यातून ‘सेनापती’ ही पदवी ज्यांच्या नावाला कायमची चिकटली, ते पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. सुपा याच पारनेर तालुक्यात येते. शहराच्या विजेसाठी गावाने काय द्यायचे, या प्रश्नाशी तालुक्याचे नाते जुने आहे.

राज्याचे जाळे कोसळले तरी मुंबईने त्यापासून अलग होऊन आपल्या केंद्रांवर चालू राहायचे, अशी व्यवस्था १९८० च्या दशकात केली गेली. ती बराच काळ टिकली. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मात्र कळवा-खारघरकडच्या वाहिन्यांतला बिघाड पसरत गेला, ही अलग होण्याची यंत्रणाही अपयशी ठरली आणि लोकल थांबल्या. शहराला लागणारी वीज आता शहराच्या केंद्रांच्या आवाक्याबाहेर गेली होती, बाहेरून आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या होत्या. डेटा सेंटरवाल्यांकडे डिझेल जनरेटर असतात, त्यांचे काम निभावले. पण मुंबईची वीज जात नाही हा जुना विश्वास त्या दिवशी तुटला. त्याआधी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हाच तळघरात यंत्रे ठेवू नयेत हे सगळ्यांना कळले होते.

युरोपात याच वाटेने डब्लिन गेले. इंग्रजी बोलणारे मनुष्यबळ, कमी कंपनी-कर, थंड हवा. अमेरिकन कंपन्यांनी रांग लावली. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाच्या हिशेबात २०१५ साली देशातल्या मोजलेल्या विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटर घेत होती. २०२३ मध्ये हा वाटा २१ टक्के झाला, म्हणजे देशातल्या सगळ्या शहरी घरांहून जास्त. डब्लिन परिसरात नव्या जोडण्यांवर साधारण २०२८ पर्यंत टाच आली. सिंगापूरने २०१९ ते २०२२ नवी परवानगीच दिली नाही, आणि मग २०२३ मध्ये चार अर्जदारांना मिळून ८० मेगावॉट एवढेच वाटून दिले. उरलेली मागणी पूल ओलांडून मलेशियातल्या जोहोरला गेली. आता पाण्याची काळजी जोहोरला आहे. ॲमस्टरडॅमने २०१९ मध्ये वर्षभर थांबा घेतला. त्याच देशातल्या झेवोल्ड या लहान गावाच्या परिषदेने फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी दिली, तीन महिन्यांत निवडणूक झाली, विरोध करणारा स्थानिक पक्ष पुढे आला आणि कंपनीने गाशा गुंडाळला.

ज्या गोष्टीच्या जोरावर शहर जिंकले तीच आधी संपते, असे या सगळ्यांत दिसते. संपल्यावर नियम येतात. आधी आले असते तर बरेच स्वस्तात पडले असते.

मग सगळे थंड देशांत का नेत नाहीत? काही नेतात. फेसबुकने २०१३ मध्ये स्वीडनच्या लुलेओ इथे, आर्क्टिक वर्तुळाजवळ, केंद्र सुरू केले; बाहेरची गार हवा आणि लुले नदीची जलविद्युत. गूगलने फिनलंडच्या हामिनातली बंद कागद गिरणी २००९ मध्ये विकत घेतली आणि गिरणीचाच बोगदा वापरून समुद्राचे पाणी गारव्यासाठी आत घेतले. जुना कारखाना कामाला लावण्याचे इतके नेटके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. पण फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे हजार किलोमीटर जाऊन परत यायला दहा मिलिसेकंद. चित्रे साठवायला हे चालते. वांद्रे-कुर्ला संकुलात शेअर बाजाराच्या इमारतीतच भाड्याने सर्व्हर ठेवणाऱ्या दलालांना मायक्रोसेकंद मोजावे लागतात, त्यांना लुलेओचा काय उपयोग? आणि कायदा म्हणतो तो डेटा देशाबाहेर जाऊच शकत नाही.

म्हणून शहरांची एकच यादी करणे मुळात चुकीचे आहे. कामे दोन प्रकारची आहेत. एक, जिथे क्षणाचा उशीर चालत नाही : पैशांचे व्यवहार, खेळ, थेट प्रक्षेपण. ते केबलजवळ आणि ग्राहकाजवळच राहणार. दुसरे, जिथे चालतो : प्रतींची साठवण, जुनी कागदपत्रे, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांचे प्रशिक्षण, जे आठवडेच्या आठवडे एका जागी बसून वीज खात चालते. चीनने २०२२ मध्ये पूर्वेच्या डेटावर पश्चिमेत प्रक्रिया करायची असे राष्ट्रीय धोरणच जाहीर केले. त्याआधीच ग्वेइझोऊ या डोंगराळ, गरीब प्रांताने जलविद्युत आणि सौम्य हवा दाखवून कंपन्या आणल्या होत्या. ॲपलची चिनी ग्राहकांची आयक्लाउड सेवा २०१८ पासून तिथली कंपनी चालवते.

भारतातला ताजा दाखला विशाखापट्टणमचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला गूगलने तिथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. केबल नव्हती, तर नवी केबलही तिथेच उतरवायची असे ठरले. त्याला कारण आहे. मुंबईहून पश्चिमेला जाणाऱ्या बहुतेक केबल तांबड्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ त्या तुटल्या तेव्हा भारतातला वेग मंदावला. पूर्व किनाऱ्यावर दुसरे दार हवेच होते. महाराष्ट्रही स्वस्थ बसलेला नाही. २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना सवलती आहेत, ॲमेझॉनने जानेवारी २०२५ मध्ये दावोसला राज्यात २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले, आणि मायक्रोसॉफ्टचा ‘मध्य भारत’ विभाग २०१५ पासून पुण्यात आहे.

सुप्याचा विचार पुण्याच्या या धाग्यावरून करावा लागतो. सुपा मुंबईहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. फायबरने जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंदांच्या आसपास. शेअर बाजारासाठी फार, बाकी जवळपास सगळ्यासाठी नगण्य. समुद्र दूर, भरती-ओहोटीची, तुंबणाऱ्या पाण्याची धास्ती नाही. दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी म्हणजे जागा वाईट नाही. अडचण उरलेल्या दोन गोष्टींची, विजेची आणि गारव्याची.

आधी वीज. शंभर मेगावॉटचे केंद्र दिवसाला २४ लाख युनिट घेते, रात्री आणि दिवसा सारखीच. जिल्ह्यातल्या खांडके इथला टाटा पॉवरचा पवन प्रकल्प सुमारे ५० मेगावॉटचा आहे. पवनचक्की वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याएवढी वीज देते, म्हणजे हाती दहा मेगावॉट, आणि त्यातलेही बहुतेक जून ते सप्टेंबर. गंमत अशी, की जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची बगॅसवरची वीज गाळप हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, मिळते आणि सौर वीज उन्हाळ्यात भरात असते. पावसाळ्यात वारा, हिवाळ्यात चिपाड, उन्हाळ्यात ऊन : कागदावर वर्षाचे चक्र पुरे होते. उरतात एप्रिल-मेच्या रात्री. अकोले तालुक्यात घाटघरला राज्याचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. वीज स्वस्त असते तेव्हा खालचे पाणी वरच्या जलाशयात चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. रात्र काढण्याचे तंत्र जिल्ह्यात आहे, पण एका घाटघरवर राज्याची मागणी टेकलेली आहे. त्यावर एकट्या डेटा सेंटरचा हक्क सांगता येणार नाही.

शेतकऱ्यांना दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रारंभ २०१७ मध्ये याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत झाला, हेही विसरून चालणार नाही. रात्री बिबट्याच्या भीतीत पाणी धरायला जाणाऱ्या माणसाच्या शेजारी अखंड वीज मिळणारी इमारत उभी राहिली, तर तो विचारणारच.

आता गारवा. उष्णता काढण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पाणी बाष्प करून उष्णता उडवायची, यात वीज कमी लागते. किंवा बंद चक्रातल्या द्रवाने आणि पंख्यांनी हवेत टाकायची, यात पाणी जवळपास लागत नाही पण वीज वाढते. बाष्पीभवन कोरड्या हवेत उत्तम होते, मुंबईच्या दमट हवेत कसेबसे. माठातले पाणी नगरला गार होते आणि दादरला होत नाही, तोच नियम. म्हणजे जिथे ही युक्ती चालते तिथे पाणी नाही आणि जिथे पाणी आहे तिथे युक्ती चालत नाही. दख्खनच्या पठारावरच्या प्रत्येक प्रकल्पाची ही खरी कोंडी आहे. याद्यांत ‘हवामान’ या एका गुणाखाली ती दिसतच नाही.

आकडा काढून पाहू. एक मेगावॉट उष्णता पूर्णपणे बाष्पीभवनाने काढायची तर दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी उडून जाते. शंभर मेगावॉटला ३५ लाख लिटर, वर्षाला पावणेतेरा लाख घनमीटर. क्षार साचू नयेत म्हणून टॉवरमधून सोडून द्यावे लागणारे पाणी वेगळे. टीएमसीत मांडले तर विसाव्या हिश्श्याहूनही कमी. मुळा धरण २६ टीएमसीचे, भंडारदरा ११. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर धरले, तर हे पाणी साठ-पासष्ट हेक्टर उसाचे आहे. प्रवरा किंवा मुळेच्या लाभक्षेत्रात एवढा ऊस एका गावात असतो. डेटा सेंटर पाणी पिऊन टाकणार ही ओरड जिल्ह्याच्या एकूण हिशेबात टिकत नाही.

तरीही भीती खोटी नाही. उसाला पाळी उशिरा मिळाली तर ऊस सुकतो. केंद्राला मे महिन्यात, रोज, चांगल्या प्रतीचे पाणी लागते, आणि ज्या महिन्यात पारनेरच्या वाड्यांना टँकर जातात त्याच महिन्यात सर्वाधिक लागते. शिवाय गोदावरी खोऱ्यातले पाणी आधीच वाटलेले आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपानुसार खालचे जायकवाडी धरण ६५ टक्क्यांवर गेले नसेल, तर नाशिक आणि नगरच्या धरणांतून पाणी खाली सोडावे लागते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर साडेआठ टीएमसीहून अधिक सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा दोन्ही बाजूंनी आंदोलने झाली. अशा खोऱ्यात नवा वाटेकरी, तोही लहान, राजकीयदृष्ट्या फार मोठा दिसतो.

अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये द डॅल्स नावाचे गाव आहे. गूगल तिथे किती पाणी घेते हे एका वृत्तपत्राने विचारले, तेव्हा गावाच्या प्रशासनाने ते व्यापारी गुपित म्हणून दडवले आणि वृत्तपत्राविरुद्ध कोर्टात गेले. अखेर २०२२ मध्ये आकडा बाहेर आला : गावाच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला हे ऐकून नवल वाटेल. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दरवर्षी पावसाचा आणि भूजलाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, आणि शिल्लक पाहून पिके ठरतात. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही. अशा जिल्ह्यात पाण्याचा आकडा लपवून कोणी कारखाना उभा करू पाहील, तर तो पहिल्याच ग्रामसभेत अडेल.

रोजगाराच्या आशेलाही मर्यादा घालाव्यात. बांधकामात हजारो हात लागतात, नंतर शंभर मेगावॉटच्या केंद्रात कायमची माणसे शेकड्यांतच मोजावी लागतात. लाऊडनसारखा सर्व्हरवरचा कर आपल्या ग्रामपंचायतीला किंवा जिल्हा परिषदेला मिळत नाही, उलट वीजशुल्कात आणि मुद्रांकशुल्कात सूट दिली जाते. या तोलात सुप्याच्या पदरात काय पडते, हे करार होण्याआधी विचारायला हवे.

आणि पाण्याचीच अडचण असेल, तर जागा सुपाच का? जॉर्जिया राज्यातल्या डग्लस काउंटीत गूगलचे केंद्र अनेक वर्षे गावाच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर गार होते. नवी मुंबई महापालिकाही प्रक्रिया केलेले सांडपाणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांना पुरवू लागली आहे. अहिल्यानगर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेतीन लाख होती. माणशी १३५ लिटर आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी धरले, तरी दिवसाला पावणेचार कोटी लिटर होते, आणि शंभर मेगावॉटची गरज त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. या हिशेबात माळरानावरच्या सुप्यापेक्षा शहराला चिकटलेली नागापूर एमआयडीसी सरस ठरते, मग भूखंड लहान असोत. अट एकच : आधी सगळे सांडपाणी वाहिन्यांत गोळा होऊन शुद्ध झाले पाहिजे.